पिशवी

बाई तपासायला आली की टेबलावर आधी पिशवी ठेवते. कापडाच्या दुकानाची, कुणाच्या तरी बस्त्यात मिळालेली, एक बंद तुटून गाठ मारलेली. आत रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, लेकरांचे जन्माचे दाखले, उचलीचा हिशेब लिहिलेली चिठ्ठी आणि त्याच गठ्ठ्यात कुठेतरी दवाखान्याचे कागद. 'पिशवीचं ऑपरेशन झालंय बाई, पाच वर्सं झाले,' असं म्हणत ती या पिशवीतून त्या पिशवीचा कागद शोधायला लागते. बीड जिल्ह्यात पिशवी म्हणजे गर्भाशय, हे बाहेरून आलेल्या नव्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात कळतं.

कागद सापडतो. वीतभर, गुळगुळीत सोनोग्राफीचा. उलटसुलट करून, खिडकीशी धरून पाहिला तरी त्यावर काही दिसत नाही. या कागदाला शाई नसते, उष्णतेने काळं पडणारं रसायन असतं. ते दिवसांनी फिकं होतं आणि पत्र्याच्या पेटीत तापलं की काळवंडतं. सहा महिने पेटीत, सहा महिने उसाच्या फडाकडेच्या कोपीत राहिलेल्या कागदाचं दुसरं काय होणार? पिशवी का काढली याचा जो एकमेव पुरावा होता तो असा पुसून गेलेला.

'तपासायला पाठवली होती का पिशवी? तिचा रिपोर्ट?' मी विचारायची. काढलेला अवयव विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथे त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हा शस्त्रक्रियेचा शेवटचा टप्पा. त्याच्याशिवाय ऑपरेशन पुरं झालं असं आम्हाला शिकवलेलं नव्हतं. उत्तर बहुतेक वेळा एकच यायचं. 'ताटात घालून दावली व्हती की मालकाला. लई खराब झाली व्हती म्हनले डॉक्टर.'

ट्रेमधलं रक्ताळलेलं गर्भाशय पाहून ते खराब आहे की चांगलं हे सांगणं मला स्वतःला कित्येकदा जमलेलं नाही. तिच्या मालकाला काय जमणार?

मी अंबाजोगाईची विद्यार्थिनी. निजामाच्या राज्यात या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि तिथे घोडदळाची छावणी होती. मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी यांच्यामुळे मराठीच्या अभ्यासकांना गाव माहीत. स्वामी रामानंद तीर्थ ज्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते त्याच शाळेत माझे वडील पुढे शिकले आणि केज तालुक्यात मास्तर झाले. स्वामींच्याच नावाने १९७४ साली इथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आशिया खंडातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, हे आम्हाला प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकवलं जायचं. मी १९८१ साली दाखल झाले तेव्हा त्यातल्या 'ग्रामीण' या शब्दाचा अर्थ मला एवढाच कळत होता, की पाणी दिवसाआड येतं.

खरा अर्थ प्रसूतिगृहात कळला. धारूरच्या घाटातून ट्रॅक्टरमध्ये घालून आणलेली, दोन दिवस अडलेली बाळंतीण. बाळ गेलेलं, गर्भाशय फाटलेलं, नाडी लागत नाही. सरांनी पाऊण तासात पिशवी काढली आणि बाई वाचली. मी पाहिलेलं गर्भाशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन ते. म्हणून पुढे २०१९ साली वर्तमानपत्रांतून 'गर्भाशय काढणारे डॉक्टर' हे शब्द शिवीसारखे वाचताना मला ती बाई आठवत राहिली. ऑपरेशन वाईट नव्हतं. ज्या बाईला ते हवं होतं तिच्यापर्यंत ते वेळेवर जात नव्हतं. पुढे ते दारोदार जायला लागलं तेव्हा गेलं भलत्याच बाईकडे. लॅन्सेट साप्ताहिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ साली सांगितलं, की जगातल्या ५०० कोटी माणसांना गरजेच्या वेळी सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. मला ते मान्यच आहे. पण त्या अहवालाचा नकाशा बघताना वाटलं, आमच्या जिल्ह्याला यात कोणता रंग द्यायचा? इथे एकाच बाईला विशीत सिझेरियन मिळत नाही आणि तिशीत पिशवी काढून मिळते.

आमच्या सरांचं शिक्षण मुंबईचं. अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं, हा विषय ते शिकवायचे तेव्हा फळ्यावर आधी दोन नावं लिहायचे: शिरोडकर आणि पुरंदरे. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्याकडचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे. गर्भाशयाचं तोंड सैल असल्यामुळे ज्यांचे गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात पडतात अशा बायकांसाठी त्यांनी टाका शोधला, तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. तो टाका आज जगभर त्यांच्या नावाने घातला जातो. पण सर त्या टाक्यावर थांबत नसत. ते सांगायचे ते अंग बाहेर येण्यावरच्या ऑपरेशनांबद्दल.

हे जरा सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट डॉक्टरांच्या बाहेर फारशी कुणाला माहीत नाही आणि डॉक्टरही ती विसरलेत. युरोपात अंग बाहेर येणारी बाई बहुधा उतारवयाची. तिची पिशवी काढून टाकली तर फारसं बिघडत नव्हतं. दुसरा मार्ग मँचेस्टरचा. त्यात गर्भाशयाचं लांबलेलं तोंड कापून वरचे बंध आवळतात. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत मात्र येणारी बाई पंचविशीची असायची. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, बाळंतपणानंतर आठ दिवसांत डोक्यावर ओझं. तिला अजून मूल हवं असायचं आणि पिशवी गेली तर नवरा टाकून देईल ही भीती असायची. शिरोडकरांनी मँचेस्टरचं ऑपरेशन बदललं, तोंड न कापता बंध आवळण्याची रीत काढली. शिवाय गर्भाशयाला मागून पट्टीने कण्याच्या हाडाशी टांगण्याचं ऑपरेशन बसवलं. व्ही. एन. पुरंदऱ्यांनी पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाच्याच दोन पट्ट्या काढून त्यांनी गर्भाशय पुढून वर ओढून धरण्याची पद्धत बसवली. म्हणजे बाहेरून काही आणायला नको, तिच्याच अंगातलं तिलाच.

मराठी मुलखातल्या शस्त्रक्रियेच्या संशोधनाचं हे अव्वल काम होतं असं माझं मत आहे. परदेशातलं पुस्तक समोर होतं तरी या लोकांनी आधी समोरची बाई पाहिली. तिचं वय, तिचं ओझं, तिच्या नवऱ्याचा स्वभाव हे सगळं त्यांनी ऑपरेशनच्या आखणीत धरलं. पिशवी वाचवायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. मुंबईपासून अंबाजोगाईपर्यंत हा प्रश्न आमच्या सरांच्या खडूतून आला. अंबाजोगाईहून पुढे वाड्यावस्त्यांवर जायच्या वाटेवर तो कुठे पडला ते मी इतकी वर्षं शोधते आहे.

पुढच्या वाटेवर ऊस होता. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहत गेले. पाणी तिकडे होतं, तोडायला माणसं नव्हती. आमच्याकडे बालाघाटाच्या डोंगरात माणसं होती, पाणी नव्हतं. १९७२ च्या दुष्काळाने जे घर सुटलं ते मग दरवर्षीच सुटायला लागलं. दसरा झाला की ट्रक भरायचे. पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, केज, धारूर इथल्या गावांत दिवाळीला म्हातारी माणसं आणि कुत्री उरायची.

ऊसतोडीचं सगळं गणित 'कोयता' या शब्दात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि हंगाम संपेपर्यंत ती टनामागे फिटायची असते. नवरा तोडतो, ती पाचट साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पहाटे तीनला गाडी आली तर तीनला. एखादा दिवस कामावर नाही गेलं की खाडा. खाड्याची मजुरी तर जातेच, वर दंडही लागतो. ती बसली की कोयताच बसला. आता यात पाळी धरा. फडात न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी विहिरीवरून. तेच कापड धुऊन ओलं वापरायचं. पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते.

मुकादमांनी बायकांना पिशव्या काढायला लावल्या असं पुढे सरसकट छापून आलं. माझ्यासमोर बसलेल्या बाईने तसं क्वचितच सांगितलं. मुकादमाला सांगायची गरजच काय? खाड्याचा दर सगळ्यांना पाठ होता.

सरकारी दवाखान्याकडून त्या बाईला तोवर काय मिळालं होतं तेही बघायला हवं. आणीबाणीत, जानेवारी १९७६ मध्ये, आमच्या शेजारच्या बार्शीत पुरुषांना रस्त्यावरून धरून नसबंदी केल्याचं प्रकरण गाजलं. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७७ साली सरकार पडलं. पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायला कुणी धजेना. कार्यक्रम मात्र चालूच राहिला, फक्त टेबलावर बाई आली. मी नोकरीला लागले तेव्हा मार्च महिन्यात टार्गेटसाठी शिबिरं व्हायची. शाळेच्या खोल्या, खाली सतरंज्या, एकेका दिवसात तीस-चाळीस बायका. नाव विचारायलाही वेळ नसे, दंडाला चिकटपट्टी लावून त्यावर नंबर लिहायचो. मीही लिहिले आहेत ते नंबर.

म्हणजे आमच्याकडच्या खेड्यातल्या बाईची आणि सर्जनची पहिली गाठ पडली ती बाळंतपणात नाही, दुखण्यात नाही, शिबिरात पडली. बावीस-तेविसाव्या वर्षी ऑपरेशन झालं की तिच्या लेखी, घराच्या लेखी आणि खरं सांगायचं तर आमच्याही लेखी पिशवीचं काम संपलं. यानंतर ती दुखायला लागली तर ठेवायची कशाला? सरकारी दवाखान्यात पांढरं जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला लोहाच्या लाल गोळ्या मिळायच्या. टेबलावर घेऊन आतून तपासायला बाई डॉक्टर हवी, ती बहुतेक ठिकाणी नसायची.

१९८९ च्या जानेवारीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा लेख लॅन्सेटमध्ये आला. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासलेल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी कुणी आतून तपासलेल्या होत्या फक्त ८ टक्के. आमच्या विभागात तो लेख हातोहात फिरला. सगळ्यांच्या लक्षात ९२ हा आकडा राहिला. त्याच लेखात पुढे म्हटलेलं होतं, की यातलं निम्मं दुखणं जंतुसंसर्गाचं आहे. म्हणजे गोळ्यांनी बरं होणारं. नवऱ्यालाही त्याच गोळ्या दिल्या तर परत न होणारं. ते वाक्य कुणाच्या लक्षात राहिल्याचं मला आठवत नाही.

मग यंत्रं आली. तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर सोनोग्राफी. या यंत्राने आमच्या जिल्ह्याचं काय केलं हे जनगणनेत लिहून ठेवलेलं आहे. २०११ साली बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९८८ मध्येच केला होता, देशाच्या कायद्याच्याही आधी. त्या यंत्राचा एक उपयोग सगळ्यांना ठाऊक झाला, त्यावर मोर्चे निघाले, खटले झाले. दुसरा उपयोग कुणी गुन्हा मानला नाही. पडद्यावर बोट ठेवून सांगायचं, 'ही बघा सूज. हा फोड. उद्या याचा कॅन्सर होईल.' यात कायदा मोडत नव्हता आणि बाई स्वतःहून अंगठा उठवत होती.

माझंही सांगते. नोकरीतून मध्ये तीन वर्षं बाहेर पडून मी एका खाजगी दवाखान्यात काम केलं. कुठल्या, ते सोडा. एकोणतीस वर्षांची बाई आली. दोन मुलं, नसबंदी झालेली, वर्षभर पांढरं जातंय, पाळीत अंगावर जास्त जातंय. गर्भाशयाच्या तोंडाला लाली होती, ती तर दर तिसऱ्या-चौथ्या बाईला असते. मी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि परत बोलावलं. ती म्हणाली, 'पंधरा दिसांनी मी कुठं असन काय माहीत बाई. ट्रक आलाय गावात. काढून टाका एकदाची.' नवरा खाली पैसे भरून आला होता, उचलीतले. मी नाही म्हटलं असतं तर ती समोरच्या दवाखान्यात गेली असती, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पिशवी मी काढली. अंडाशयं ठेवली, एवढंच काय ते. ती पिशवी मी माझ्या हट्टाने प्रयोगशाळेत पाठवली, अंबाजोगाईची सवय म्हणून. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. जुनाट सूज, बाकी काही नाही. तोवर बाई कारखान्यावर पोहोचली होती आणि मोळ्या उचलत होती. तो रिपोर्ट बरीच वर्षं माझ्याच टेबलाच्या खणात होता.

जिची अंडाशयंही काढली तिचं काय होतं ते मी नंतर खूप पाहिलं. तिसाव्या वर्षी पाळी जाते. अंगाची आग, झोप नाही, हाडं ठिसूळ. पस्तिशीची बाई पन्नाशीची दिसते आणि म्हणते, 'ऑपरेशनपस्नं जास्तच दुखायलंय.' ज्या कमरेसाठी पिशवी काढली ती कंबर तशीच. कारण ती पिशवीमुळे दुखतच नव्हती, मोळीमुळे दुखत होती.

आता त्या कॅन्सरच्या भीतीबद्दल. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त सलते. आमच्या केज-अंबाजोगाईची हद्द संपली की उस्मानाबाद जिल्हा लागतो, आता धाराशिव. पलीकडे बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात १९८७ पासून खेड्यांमधल्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते, भारतातली ग्रामीण भागातली पहिली. त्या रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आणि फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने मिळून १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, चौथ्यात नेहमीचंच, म्हणजे तपासणी नाही. आठ वर्षं मागोवा घेतला. निकाल २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. आयुष्यात एकदा एचपीव्ही तपासणी केलेल्या ३४,१२६ बायकांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांत ६४.

सारं जग हा निकाल वापरतं. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे कळंबच्या, परंड्याच्या बायकांनी अंगावर घेऊन सिद्ध करून दिलं. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण मी त्या ६४ च्या आकड्याकडे आणखी एका कारणाने बघत बसते. तपासणी नाही, काही नाही, अशा जवळपास साडेएकतीस हजार बायकांत आठ वर्षांत ६४. प्रत्येक मृत्यू वाईटच. पण बीडच्या दवाखान्यात बसून 'पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाला हद्दीपलीकडचा हा आकडा माहीत नव्हता, की माहीत असून नको होता? पन्नास-साठ किलोमीटरवरून इकडे तपासणी आली नाही. कॅन्सर हा शब्द तेवढा आला.

२०१९ च्या एप्रिलमध्ये बिझनेसलाइन या इंग्रजी दैनिकात वंजारवाडी आणि आसपासच्या बायकांवर वृत्तांत आला आणि मग एकदम सगळे मोजायला लागले. जूनमध्ये विधिमंडळात तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं, की तीन वर्षांत बीडमधल्या ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आशा कार्यकर्त्या घरोघर गेल्या. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांना विचारलं, त्यांतल्या १३,८६१ बायकांची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली हा प्रश्न विचारला होता, तेव्हा १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशात हे प्रमाण ३.२ टक्के होतं आणि महाराष्ट्रात २.६. वयोगट वेगळे, पाहणीची रीत वेगळी, हे आकडे शेजारीशेजारी ठेवायला संख्याशास्त्रज्ञ हरकत घेतील. घेऊ देत.

मला त्या पाहणीत धक्का बसला तो आकड्याचा नाही. आकडा आमच्या ओपीडीत कधीचा दिसत होता. धक्का याचा, की एवढा मोठा अवयव एवढ्या बायकांच्या अंगातून निघून गेला आणि त्याची नोंद कुठेच नव्हती, ती घराच्या दारात जाऊन बायकांना विचारून करावी लागली. शस्त्रक्रियेचं संशोधन म्हटलं की लोकांना रोबो आठवतो, दुर्बीण आठवते. आमच्या जिल्ह्याला त्यासाठी एक वही पुरली असती. नाव, वय, कारण, आधी कोणतं औषध दिलं, किती दिवस दिलं, काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट काय आला. सहा रकाने. १९९५ साली ही वही असती तर १९९८ सालीच ओरड झाली असती.

सरकारने नियम केला, की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यात पिशवी काढायची नाही. नियम चांगला आहे. पण तो बीडच्या हद्दीत, आणि जिच्यासाठी केला ती सहा महिने हद्दीबाहेर. राजस्थानचे डॉ. नरेंद्र गुप्ता २०१३ सालीच सर्वोच्च न्यायालयात गेले होते, राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अशाच प्रकरणांवर. ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल आला, की केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत. बिहारमध्ये पिशव्या निघाल्या त्या विमा कार्डावर, सरकार पैसे भरतंय म्हणून. कार्ड बंद केलं, तपासणी कडक केली की तिथे आळा बसू शकतो. आमच्याकडे बाईने स्वतःची पिशवी स्वतःच्या उचलीतून, म्हणजे पुढच्या हंगामाच्या घामातून, पैसे मोजून काढून घेतली. इथे कोणतं कार्ड बंद करणार? साखर कारखान्यांकडून टनामागे पैसे घेऊन चालणारं ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं, गोपीनाथ मुंड्यांच्या नावाने. लेकरांसाठी वसतिगृहं निघाली. खाडा मात्र अजून आहे. पाळीच्या दोन दिवसांचा खाडा माफ, एवढं एक कलम मुकादमाच्या करारात आलं तर त्याने जेवढ्या पिशव्या वाचतील तेवढ्या मी आणि माझ्या बॅचच्या सगळ्यांनी मिळून वाचवलेल्या नाहीत.

निवृत्त झाल्यापासून मी पोळ्यानंतर, ट्रक लागायच्या आधी, आमच्या भागातल्या चार-पाच गावांत जाऊन बसते. शाळेची खोली, एक टेबल, एक पडदा, सोबत गावची आशाताई. गेल्या साली एक बत्तीस वर्षांची आली. टेबलावर पिशवी ठेवली, दोन्ही बंद शाबूत. अंग थोडं खाली आलेलं, शिवाय पांढरं जात होतं. जावेची पिशवी काढलेली, नणंदेची काढलेली. 'माझी राहिलीय,' ती म्हणाली, जसं घरकुल राहिलंय म्हणतात तसं.

मी तिला समजावलं. गोळ्या तुला आणि मालकाला, दोघांना. आत बसवायची रिंग दाखवली, ती कशी धुवायची ते दाखवलं. ओटीपोट आवळायचा व्यायाम. मोळी उचलताना श्वास कसा सोडायचा. ती ऐकत होती, पण तिची नजर दारातून बाहेर रस्त्यावर होती.

'खाडा पडला तर?'

मी काही बोलले नाही. आशाताई म्हणाली, 'ऑपरेशन केलं तर महिनाभर पडंल की गं खाडा.' हे मला सुचायला हवं होतं. बाई पहिल्यांदा हसली.

'पन बाई, औंदा आमी बेळगावकडं जायलोत. तिथं दुखलं तर? तिथला डॉक्टर तुमचं वाचील का?'

माझी चिठ्ठी मराठीत होती आणि अक्षर आमच्या जमातीचं. मी ती फाडली. नवा कागद घेतला, बॉलपेनने, इंग्रजीत, मोठ्या सुट्या अक्षरांत सगळं पुन्हा लिहिलं. काय तपासलं, काय दिलं, रिंग कधी बदलायची, आणि शेवटी एक ओळ वेगळी, खाली रेघ मारून: गर्भाशय काढण्याची गरज नाही. सही केली, शिक्का नव्हता म्हणून नोंदणी क्रमांक लिहिला. आशाताईने तिच्या मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला. बाईने कागदाची चार पदरी घडी केली, आधारच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, कार्डाच्या मागे सरकवली, आणि पाकीट पिशवीत न टाकता पोलक्यात ठेवलं.